फोन लपवून का भागत नाही: सोशल मीडियाच्या सवयीवर मानसोपचार काय करतात

सकाळचं दूध तापवायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. गॅसपाशी उभं राहायचं, दूध वर यायला लागलं की गॅस बारीक करायचा, एवढंच. गेल्या जूनमध्ये एका आठवड्यात ते तीनदा उतू गेलं आणि तिन्ही वेळा मी पातेल्यापासून हातभर अंतरावर ओट्याला टेकून उभा होतो. हातात फोन. काय बघत होतो ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणीतरी गंजलेला तवा घासत होतं बहुतेक. तिसऱ्या वेळी बायको काही बोलली नाही, तिने फक्त बर्नर उचलून सिंकमध्ये ठेवला.

मग सगळे करतात तेच मी केलं. अ‍ॅप उडवलं. चौथ्या दिवशी ब्राउझरमधून उघडलं, सहाव्या दिवशी अ‍ॅप परत घेतलं. मध्ये एकदा फोन माळ्यावरच्या डब्यात ठेवून पाहिला, आणि रात्री साडेदहाला स्टुलावर चढून काढलासुद्धा. हे एका समुपदेशक मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. ‘स्टुलावर चढायच्या आधीच्या मिनिटात काय चाललं होतं?’ एवढंच त्यांनी विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. पुढे कळलं की या सवयीवरच्या उपचारांची नावं बरीच आहेत, पण बहुतेकांचा मुक्काम त्या एका मिनिटात असतो.

व्यसन म्हणायचं की नाही

‘सोशल मीडियाचं व्यसन’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण आजारांच्या अधिकृत यादीत तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचा नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ मध्येही नाही. म्हणून जाणकार ‘समस्याजनक वापर’ असा कोरडा शब्द वापरतात. त्याने त्रास खोटा ठरत नाही. निदान झालं नाही म्हणून पाठ दुखायची थांबते का?

त्रास मोजायला नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या सेसिली आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सहा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. आधी ती फेसबुकपुरती होती, नंतर सगळ्याच सोशल मीडियासाठी वापरात आली. गेल्या वर्षभरात तोच विचार डोक्यात घोळत होता का? आधीपेक्षा जास्त वापरावंसं वाटायला लागलं का? स्वतःच्या अडचणी विसरायला वापरता का? कमी करायचं ठरवून फसलात का? मिळालं नाही तर चिडचिड होते का? कामाचं किंवा अभ्यासाचं नुकसान झालं का?

या सहांमध्ये ‘किती तास’ हा प्रश्न कुठेच नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. नाशिककडचा एखादा द्राक्ष बागायतदार दिवसाचे चार तास व्हॉट्सअ‍ॅपवर भाव आणि गाड्या ठरवत असेल आणि रात्री शांत झोपत असेल. एखादी मुलगी चाळीसच मिनिटं बघत असेल, पण त्या चाळीस मिनिटांत मैत्रिणीच्या साखरपुड्याचे तेच तेच फोटो आणि पुढे पहाटेपर्यंत डोळा नाही. मदतीची गरज तिला आहे. घरात स्क्रीन टाइमचा आकडा दाखवून होणारी भांडणं म्हणूनच बऱ्याचदा वाया जातात.

अंगठा थांबत का नाही

हे थोडक्यात सांगतो, कारण यावर भरपूर लिहून झालंय. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत कबुतरं चोचीने कळ दाबत. दर वेळी दाणा मिळण्यापेक्षा कधी मिळेल याचा नेमच नसला, तर कबुतर जास्त चिवटपणे कळ दाबत राही. रीलचं तेच. नऊ फालतू, दहावं झकास, आणि दहावं कुठलं ते आधी माहीत नाही. त्यात २००६ मध्ये एझा रास्किन यांनी न संपणारा स्क्रोल घडवला. त्याचा पश्चात्ताप त्यांनी नंतर जाहीरपणे बोलूनही दाखवला. वर्तमानपत्राची घडी व्हायची, सातच्या बातम्या संपल्या की संपायच्या. थांबायला जागा होती. ती गेली.

तरीही सगळा दोष यंत्रावर टाकता येत नाही. हंट ऑलकॉट, मॅथ्यू जेन्झ्को आणि लीना साँग या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबाने सोशल मीडियाच्या वापरापैकी ३१ टक्के वापर स्वतःवर ताबा न राहिल्यामुळे होतो. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, बाकीचा आपल्याला हवा असतो म्हणून. उपचारात पूर्ण संन्यासाचा आग्रह सहसा का नसतो, ते यावरून कळेल. दारू सोडणाऱ्याला दारूशिवाय संसार करता येतो. पण मुलाच्या शाळेची सुट्टी, सोसायटीचं पाणी आणि मावशीच्या सुनेचं डोहाळजेवण हे सगळं त्याच फोनवर कळतं.

वहीतले चार रकाने

सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींना एकदम हात घालणारी पद्धत. आरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती नैराश्यासाठी उभी केली, आणि पुढे किंबर्ली यंग यांनी इंटरनेटच्या अतिवापरासाठी तिचं वेगळं रूप तयार केलं. नाव भारदस्त असलं तरी माझी सुरुवात वीस रुपयांच्या वहीने झाली. चार रकाने: वेळ आणि जागा, आधी काय चाललं होतं, किती मिनिटं, नंतर कसं वाटलं. पहिले दोन आठवडे वापर कमी करायचा नाही, फक्त लिहायचं. त्यातल्या तीन नोंदी जशाच्या तशा:

सोमवार, ७.०५, ओटा. दूध गॅसवर, नऊच्या मीटिंगचा विचार. ११ मिनिटं. मीटिंग तिथेच, वर ओटा पुसला.

मंगळवार, ३.४०, ऑफिस. साहेबांनी फाइल परत पाठवली. २२ मिनिटं. फाइल उघडायची आणखी धास्ती.

बुधवार, ११.१५ रात्री, पलंग. वर्गमित्राच्या नव्या गाडीचा फोटो. ५० मिनिटं. झोप उडाली.

पंधरा दिवसांत ४७ नोंदी झाल्या. मॅडमनी पेन्सिलने दुसऱ्या रकान्यात खुणा करत नेल्या. ४७ पैकी ३१ ठिकाणी काहीतरी टाळायचं होतं: फाइल, फोन, कुणाला तरी द्यायचं उत्तर. मी ज्याला टाइमपास म्हणत होतो ती टाळाटाळ होती. माळ्यावरून फोन काढला त्या रात्री काय चाललं होतं, तेही मग आठवलं. दुसऱ्या दिवशी मेडिक्लेमच्या कागदांसाठी भावाला फोन करायचा होता आणि आमचं महिनाभर बोलणं नव्हतं.

सवय कुठलं काम भागवतेय हे शोधण्याचा हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण औषध त्यावर ठरतं. माझ्यासाठी मोठ्या कामाचे तुकडे पाडणं आणि फाइल फक्त पाच मिनिटं उघडणं हा उपाय होता. दुसऱ्या कुणाच्या वहीत त्याच रकान्यात ‘घरात कुणी नाही’ असं पुन्हा पुन्हा आलं असतं. त्या माणसाला फोन लपवायला सांगणं म्हणजे त्याची एकमेव सोबत काढून घेणं. त्याच्यासाठी आधी दिवसात माणसं आणावी लागतात: सकाळचा फिरण्याचा कट्टा, भजनी मंडळ, बहिणीला रोज ठरलेल्या वेळी फोन. तिसऱ्याच्या वहीतून झोपेचा विकार किंवा नैराश्य बाहेर येतं. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडून त्याचे उपचार आधी सुरू होतात. रील हे तिथे लक्षण असतं.

यानंतर आजूबाजूची मांडणी बदलायची. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर, गजरासाठी साधं घड्याळ, माणसांच्या थेट निरोपांशिवाय सगळी नोटिफिकेशन बंद. आणि पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आलेली ‘जर-तर’ वाक्यं. ‘फोन कमी वापरीन’ हा एक जानेवारीचा संकल्प झाला. ‘दूध गॅसवर असेल तर फोन बाहेरच्या खोलीत’ ही योजना झाली, तिच्यात वेळ आणि जागा दोन्ही आहेत.

रिकाम्या हाताचं काय करायचं यालाही उत्तर आहे. नखं खाण्यासारख्या सवयींसाठी नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये एक पद्धत मांडली: त्याच हातांना त्याच वेळी दुसरं काम द्यायचं. मी दूध तापेपर्यंत लसूण सोलतो. आमच्याकडे आता लसूण कायम सोललेला असतो.

‘च’चा त्रास

मराठी वाचकांना अल्बर्ट एलिस हे नाव नवं नाही. त्यांनी १९५५ पासून मांडलेली आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून आपल्याकडे आणली आणि मराठीत रुजवली. तिचा गाभा असा की घटनेमुळे आपण थेट अस्वस्थ होत नाही. घटना आणि अस्वस्थता यांच्यामध्ये आपली एक समजूत बसलेली असते, आणि तिच्यात बहुतेक वेळा एक ‘च’ असतो.

मी शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकला. १४० जणांच्या ग्रुपात चौघांनी अंगठा दाखवला. पुढच्या तासाभरात मी नऊ वेळा ग्रुप उघडला. मधली समजूत वहीत लिहायला लावली तेव्हा ती अशी उतरली: ‘लोकांनी दखल घेतलीच पाहिजे, नाहीतर आपण कुणीच नाही.’ कागदावर हे वाचताना माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, ‘दखल घेतली तर बरं वाटेल, हे ठेवा. तेवढा च काढा.’ इच्छा ठेवायची, हट्ट सोडायचा. ऐकायला सोपं आहे. तो ‘च’ काढायला मला दोन महिने लागले.

नुसतं समजून भागत नाही म्हणून प्रयोग करायचा. ‘रविवारी आठ तास घरच्यांचा ग्रुप बघितला नाही तर काहीतरी महत्त्वाचं निसटेल’ हे भाकीत मी आधी लिहून ठेवलं, खात्री ८० टक्के. संध्याकाळी उघडलं तर २१२ मेसेज. शुभ सकाळ, गुलाबाची फुलं, एका पुढाऱ्यावरून दोन काकांची जुंपलेली, त्यावर तिसऱ्या काकांचे जोडलेले हात. कामाचा मेसेज एकच, काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख. ती काकूंनी दुपारीच फोन करून सांगितली होती. असे चार-पाच रविवार गेले की खात्रीचा आकडा आपोआप खाली येतो.

लाट येते आणि जाते

कितीही वही लिहिली तरी तलफ येतेच. दारूचं व्यसन सुटलेल्यांची पुन्हा घसरण कशी होते, यावर वॉशिंग्टन विद्यापीठात अॅलन मार्लाट यांनी आयुष्यभर काम केलं. तलफेशी झुंजायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही, तिच्यावर स्वार व्हायचं, ही कल्पना त्यांची. ती लाटेसारखी चढते, फुटते, ओसरते. आपण तिला कधी फुटेपर्यंत थांबूच देत नाही, म्हणून ती न संपणारी वाटते.

कसं करायचं? फोन समोर ठेवून बसायचं आणि तलफ शरीरात कुठे आहे ते बघायचं. माझ्या बाबतीत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक हुळहुळ आणि गळ्याशी घाई. ती वाढते, आता उचलावाच असं वाटतं, आणि मग बाहेर कुकरची शिट्टी होते आणि लक्षात येतं की मघाशी ती जरा कमी झाली होती. माझ्या वहीतली सगळ्यात लांब लाट नऊ मिनिटांची आहे. मी तासाभराची समजत होतो.

स्टीव्हन हेज यांची एसीटी ही पद्धत याच वाटेने पुढे जाते: त्रासदायक भावना हाकलायची नाही, तिच्यासकट हव्या त्या दिशेने पाऊल टाकायचं. आता ती हवी ती दिशा कुठली, हा प्रश्न ‘डिटॉक्स’वाले, म्हणजे काही दिवस फोन सोडा सांगणारे, विचारतच नाहीत. दोन तास वाचले, पण कशासाठी? ज्याच्याकडे याचं उत्तर नसतं तो त्या दोन तासांत भिंतीकडे बघतो आणि मग फोनकडे. (जाता जाता, ज्या ‘डोपामिन फास्टिंग’चा, म्हणजे मोहाच्या गोष्टींच्या उपवासाचा, एवढा बोलबाला झाला ते २०१९ मध्ये लोकप्रिय करणारे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा स्वतःच सांगत होते की त्याचा पाया सीबीटी आहे, डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी करणं हा हेतूच नाही. पण नावात डोपामिन होतं, मग कोण ऐकतं.)

‘दोन का नाही?’

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ओढत आणलं असेल तर वही-बिही काही चालत नाही. बाप म्हणतो, ‘दिवसभर फोन! बारावीत काय दिवे लावणार?’ आणि मुलगा फोनची वकिली करायला लागतो. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरणा जागवणारी मुलाखत याच्या नेमकी उलट चालते. समुपदेशक विचारतो, ‘हे कमी करणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, दहापैकी?’ मुलगा म्हणतो, ‘चार.’ आपण विचारलं असतं, आठ का नाही? समुपदेशक विचारतो, ‘दोन का नाही?’ आणि मुलगा स्वतःच्या तोंडाने कारणं सांगायला लागतो: झोप होत नाही, क्रिकेटची प्रॅक्टिस सुटली. बदलाची वकिली त्याच्याकडूनच करवून घ्यायची. घरचे नियम मग सगळ्यांचे असतात. जेवताना फोन नाही म्हणजे बाबांचाही नाही. माझ्या मते अर्धी घरं इथेच अडतात.

पुरावा काय सांगतो

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट आणि सहकाऱ्यांनी १४३ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहा मिनिटांवर आणलं. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. पण चिंता आणि काहीतरी निसटेल ही भीती दोन्ही गटांत उतरली, ज्यांनी काहीच कमी केलं नव्हतं त्यांच्यातसुद्धा. वापराचे स्क्रीनशॉट मात्र दोघांनाही पाठवावे लागत होते. स्वतःच्या वापरावर नजर ठेवण्यानेच काही फायदा झाला असावा, असा संशोधकांचा अंदाज. ते वाचून मला माझी वीस रुपयांची वही आठवली.

२०२३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी असे २३ अभ्यास एकत्र तपासले. मनःस्वास्थ्य सुधारलं का, हा प्रश्न होता. सोशल मीडिया पूर्ण बंद ठेवण्याच्या १२ अभ्यासांपैकी तिनांत सुधारणा दिसली. नुसती मर्यादा घालण्याच्या पाचांपैकी एकात. सीबीटीसारख्या उपचारांचा आधार घेतलेल्या सहांपैकी पाचांत. संख्या लहान आहेत, त्यामुळे यावरून घोषणा देऊ नयेत, पण कल उघड आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगा अनेकांनी बातम्यांत बघितला असेल. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. मांडणी बदलण्याचा हा उपाय घराऐवजी अख्ख्या गावाने केला. सगळेच बंद असले की ग्रुपवर काही निसटायचीही भीती नाही, आणि कुठल्याही अ‍ॅपला हे जमणार नाही. पण रात्री अकराला पलंगावर एकट्या माणसाला जे छळतं ते भोंग्याच्या टप्प्यात येत नाही. त्यासाठी कुणाशी तरी बोलावंच लागतं.

कुठे बोलायचं? केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही. बंगळुरूच्या निमहान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी ‘शट’ नावाचं वेगळं क्लिनिक आहे. आपल्या गावात तसं काही नसलं तरी सीबीटी किंवा आरईबीटी शिकलेला समुपदेशक चालतो. पहिल्याच भेटीत विचारा, ‘सेशनमध्ये आपण नेमकं काय करणार?’ उत्तरात नोंदी, घरचा अभ्यास आणि साधारण किती भेटी याचा उल्लेख यायला हवा. नुसतं ‘मोबाइल वाईट असतो’ एवढं ऐकायचं असेल तर घरी आजी आहे.

शेवटच्या भेटींत बोलणं घसरण्याबद्दल असतं, कारण घसरण होतेच. मार्लाट यांनी घसरणं आणि आपटणं यांत फरक केला. एकादशीला चुकून चिवड्याचा घास तोंडात गेला की माणूस म्हणतो, उपवास मोडलाच आहे तर आता जेवूनच घेऊ. आपटी त्या ‘जेवूनच घेऊ’ने होते, घासाने नाही. मार्चमध्ये आई दवाखान्यात होती तेव्हा मी सलग चार रात्री दीडपर्यंत रील बघितले. पाचव्या दिवशी वही काढून चारही नोंदी एकदम लिहिल्या. दुसऱ्या रकान्यात चारही वेळा एकच शब्द होता, भीती. मॅडमनी त्यावर खूण केली नाही, आईचं विचारलं.

गेल्या रविवारी दूध पुन्हा उतू गेलं. फोन बाहेरच्या खोलीत होता. मी लसणाच्या एका चिवट पाकळीत अडकलो होतो.